टाकीतली घाण कोण काढणार?

मरीन टँक बसवून घ्यायला येणारा माणूस बहुधा स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र, आधीच ठरवून आलेला असतो. मोबाइलवर फोटो असतो, मित्राने सुचवलेलं मॉडेल असतं आणि खोक्यावर छापलेला '१००० लीटरपर्यंत' हा आकडा तोंडपाठ असतो. टाकी साडेचारशे लीटरची, स्किमर हजाराचा, म्हणजे आता काळजी मिटली असा त्याचा हिशेब. खर्चाचं बोलण्याआधी मी त्याला दोन प्रश्न विचारतो. माशांना खाणं कोण घालणार? आणि कप कोण धुणार? पहिल्याचं उत्तर लगेच येतं: मुलं, आजोबा, स्वयंपाकाच्या मावशी, ज्याला हौस येईल तो. दुसऱ्यावर बहुतेक वेळा उलटा प्रश्न येतो, "कसला कप?"

मुंबई-ठाण्यात खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायच्या आणि मग त्या सांभाळायच्या, हा माझा धंदा. बसवणं दोन-चार दिवसांचं काम असतं, सांभाळणं वर्षानुवर्षांचं. त्यामुळे यंत्र विकताना जे शहाणपण सुचत नाही ते सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या यंत्रांच्या हौदात, कोपरापर्यंत हात घालून बसल्यावर सुचतं. त्यातलं पहिलं हे, की फिल्टर घाण फक्त पकडून ठेवतो. ती घराबाहेर काढतो तो माणूस. स्पंजात अडकलेली माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसेनासं होतं, पण असतं पाण्यातच. त्यावरूनच पाणी वाहत राहतं आणि ते तिथेच कुजत राहतं. त्यातून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. गोड्या पाण्यातले गप्पी किंवा गोल्डफिश बरंच नायट्रेट सोसतात, वनस्पती असतील तर त्या ते खाऊनही टाकतात. प्रवाळांच्या टाकीत मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट साचत गेलं की आधी काचेवर, मग खडकावर शेवाळ धरतं आणि प्रवाळ मिटून बसतात.

ही अडचण जगभरातल्या हौशी लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवून पाहिली आहे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच टाक्या चालवून दाखवल्या. ऐंशीच्या दशकात प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारे फिल्टर गाजले. ते अमोनियाचं नायट्रेट झपाट्याने करायचे आणि तिथेच थांबायचे. त्याच काळात बर्लिनमधल्या हौशी लोकांनी गोळ्यांना फाटा दिला. त्यांच्यात डीट्रिश श्ट्यूबर यांचं नाव आजही घेतलं जातं. भरपूर जिवंत खडक, पाण्याला जोरदार हालचाल आणि एक दमदार स्किमर, एवढंच त्यांनी ठेवलं. खडकाच्या आत, ऑक्सिजन पोचत नाही अशा बारीक छिद्रांत राहणारे जीवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. कुजण्याआधी जेवढं बाहेर काढता येईल तेवढं स्किमर काढतो. आज जगातल्या बहुतेक रीफ (प्रवाळांच्या) टाक्या याच पद्धतीवर किंवा तिच्या एखाद्या फाट्यावर चालतात.

आपल्याकडे तिचा अर्धाच भाग हाताशी येतो. भारतात दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखा हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी ते वाघाच्या रांगेत बसतात. समुद्रातून प्रवाळासकट खडक उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोकं घालून ज्याने तिथलं प्रवाळ पाहिलंय, त्याला ते उपटून दिवाणखान्यात आणावंसं वाटू नये. मी कोरडा, सच्छिद्र खडक आणि सिरॅमिकच्या विटा वापरतो आणि प्रवाळांत लेदर, मशरूम, झोआ अशा मऊ जातींपुरतं थांबतो.

पण या एका गोष्टीने यंत्रांची सगळी निवड बदलते. कोरड्या खडकात जीवाणू नसतात. बाटलीतून घातले तरी बाहेरच्या थरावर ते काही आठवड्यांत बसतात, आतल्या छिद्रांत नायट्रेट फोडणारी वसाहत जमायला कित्येक महिने जातात. तोवर नायट्रेट कमी करायचं तर पाणी बदलायचं, खाणं आवरायचं आणि स्किमरवर जास्त भिस्त ठेवायची. म्हणून पहिल्या वर्षाची टाकी आणि तिसऱ्या वर्षाची टाकी यांना एकच यंत्र एकाच वेगाने चालवून भागत नाही. वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप थोडा महाग पडतो, तरी मी त्याचाच आग्रह धरतो तो यासाठी.

स्किमर नेमकं काय करतो हे गिऱ्हाइकाला सांगताना मला कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आठवतं. उकळत्या काहिलीत मळी वर येते आणि गुळव्या ती वेळेवर झाऱ्याने काढतो. काढली नाही तर ती रसात परत मुरते आणि गूळ काळा पडतो. स्किमरमध्ये आच नसते, बुडबुडे असतात. प्रथिनं आणि इतर सेंद्रिय पदार्थांच्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळू पाहतं. पाणी आणि हवा जिथे भेटतात ती जागा अशा रेणूंना सोयीची. पंपाच्या पंख्यावरचे काटे हवेचे बारीक बारीक तुकडे करतात, रेणू त्या बुडबुड्यांना चिकटतात, फेस नळीतून वर चढतो आणि वरच्या कपात सांडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात, म्हणून हे यंत्र समुद्राच्या पाण्यात चालतं आणि गोड्या पाण्यात जवळजवळ चालतच नाही. पावसाळ्यात खवळलेल्या किनाऱ्यावर पिवळट फेसाचे ढीग पडतात, ते याच रसायनामुळे.

एवढं ऐकल्यावर गिऱ्हाइकाला वाटतं, मोठा स्किमर म्हणजे स्वच्छ पाणी. इथे मला त्याला थोडं निराश करावं लागतं. स्किमर नायट्रेट आणि फॉस्फेट काढत नाही, कारण ते बुडबुड्याला चिकटत नाहीत. ज्यापासून ते तयार होतात तो कच्चा माल तो काढतो, आणि तोही सगळा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९-१० च्या सुमारास वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर घेऊन पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला. स्किमर त्यातला साधारण पाव हिस्सा काढतात आणि मग थांबतात, असं त्यांना आढळलं. महागड्या आणि मध्यम स्किमरमधला फरकही किमतीतल्या फरकाएवढा नव्हता. हे वाचल्यापासून मी किमतीच्या चढाओढीत पडत नाही. कप सहज निघतो का, पंप खोलून व्हिनेगरमध्ये ठेवता येतो का, पंख्याचा सुटा भाग मुंबईत मिळतो का, एवढं आधी बघतो.

खोक्यावरचा आकडाही मी बाजूला ठेवतो, त्याचं कारण दोन टाक्या. दोन्ही चार फूट बाय दोन बाय दोन, म्हणजे काठोकाठ भरल्या तर साडेचारशे लीटरच्या. पहिली ठाण्यात, एकत्र कुटुंबात. मासे भरपूर, त्यात दोन टँग, आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण चिमूटभर खाणं टाकून जायचा. तिथे स्किमरचा कप घट्ट, काळपट हिरव्या चिखलाने दोन दिवसांत भरायचा. दुसरी पार्ल्यात, एकट्या गृहस्थांची. दोन क्लाउनफिश, एक गोबी, बाकी झोआ आणि लेदर. मला बोलावलं तेव्हा त्यांच्याकडे ठाण्याच्या टाकीपेक्षा मोठा स्किमर चालू होता, जोडीला फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा रिअॅक्टर. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. गृहस्थ तो शून्य अभिमानाने दाखवत होते आणि मागे झोआ मिटलेले, वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला बुळबुळीत थर.

तो थर शेवाळाचा नव्हता, डायनोफ्लॅजेलेट्सचा होता. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट पार संपलं की त्यांच्याशी चढाओढ करणारे जीवाणू आणि साधं शेवाळ उपाशी पडतात आणि या मंडळींना रान मोकळं मिळतं. खऱ्या समुद्रातल्या प्रवाळभिंतीभोवतीचं पाणीही पोषणाच्या बाबतीत गरीबच असतं, पण तिथे काही वाया जात नाही. नेदरलँड्सच्या यास्पर द गोई आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की प्रवाळातून पाण्यात विरघळणारं सेंद्रिय द्रव्य स्पंज नावाचे प्राणी शोषून घेतात, आपल्या पेशी झडझडून टाकतात आणि त्यांवर इतर प्राणी पोसतात. तिथे पाणी गरीब आणि वस्ती श्रीमंत असते. पार्ल्याच्या टाकीत दोन्ही गरीब होतं. आम्ही लोहाचे दाणे काढले, स्किमर फक्त रात्री चालू ठेवला, खाणं वाढवलं, थोडे दिवस यूव्ही दिवा लावला. हळूहळू नायट्रेट पाच पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ वर आलं, तेव्हा झोआ उघडले. मऊ प्रवाळांना थोडं 'घाणेरडं' पाणीच मानवतं. ठाण्याला मात्र मी उलट सल्ला दिला होता: स्किमर एक माप मोठा घ्या, नाहीतर खाण्याचा डबा कपाटात कुलपात ठेवा. त्यांनी स्किमर घेतला. घरातली माणसं बदलणं त्याहून महाग पडलं असतं.

मऊ प्रवाळांच्या टाकीत माझी पहिली पसंती स्किमरच्याही आधी कार्बनला असते. हे लोकांना पटायला वेळ लागतो. लेदरसारखी प्रवाळं शेजाऱ्याला हटवण्यासाठी पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात. समुद्रात ती लाटेबरोबर वाहून जातात, साडेचारशे लीटरमध्ये फिरत राहतात. अशा वेळी सगळ्या चाचण्या ठीक येतात आणि तरीही एक एक प्रवाळ आक्रसत जातं. चांगल्या दाणेदार कार्बनची पिशवी पाणी वाहतं तिथे ठेवली आणि महिन्याला बदलली की बहुतेक भांडणं मिटतात. खर्च शे-दोनशे रुपयांचा. पण कार्बनच्या पिशवीचा फोटो कुणी मित्राला पाठवत नाही.

मग सॉक. सम्पमध्ये पाणी उतरतं तिथे लावायची ही फेल्टची पिशवी, छिद्रं २०० मायक्रॉनची. कण अडवण्यात तिच्याइतकं स्वस्त काही नाही. अट एकच, तीन-चार दिवसांनी ती काढून उलटी करून धुवायची. आठवडाभर राहिली की ती नायट्रेटचा कारखाना होते, तुंबून पाणी वरून वाहू लागतं ते वेगळंच. जिथे धुणारा माणूस नाही तिथे मी सॉक लावतच नाही. पैसे असतील तर रोलर: कापडाचा गुंडाळा मोटरवर आपोआप पुढे सरकतो आणि मळका भाग पाण्याबाहेर गुंडाळला जातो. त्याचे गुंडाळे बाहेरून येतात, महाग असतात आणि संपायचे तेव्हा नेमके बाजारात नसतात. तरीही परदेशात सतत ये-जा करणाऱ्या माणसाला मी रोलरच सुचवतो, कारण त्याच्या टाकीत यंत्रापेक्षा हातांची टंचाई असते.

उरलेली निवड घर करतं. कॅबिनेट बनवणारे सुतार सम्पचं माप विचारतात, स्किमरची उंची विचारत नाहीत. कप काढायला वर वितभर जागा लागते. ती नसेल तर अख्खा स्किमर उपसून काढावा लागतो, आणि असं काम कुणी आठवड्यातून दोनदा करत नाही. म्हणून मी सुताराला स्वतः भेटतो. प्रत्येक स्किमरला सम्पमध्ये ठरावीक खोलीचं पाणी लागतं. बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की फेस वर चढत नाही, वर आली की कप भसाभस भरतो. पातळी धरून ठेवायला आपोआप आरओचं पाणी सोडणारं यंत्र लागतंच. त्यातही एक खोच आहे. फेस फार ओला ठेवला की कपात खारं पाणी जातं, त्याची जागा गोडं पाणी घेतं आणि महिनाभरात क्षारता नकळत उतरते.

एसी लावून बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो आणि पीएच खाली बसतो. उपाय सोपा: स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढायची. पण पावसाळ्यात सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी होते, किंवा घरात पेस्ट कंट्रोलवाला येतो. त्या औषधांतले पायरेथ्रॉइड मासे आणि कोळंब्या यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात, आणि स्किमर म्हणजे हवा ओढून पाण्यात मिसळणारं यंत्रच. म्हणून नळीच्या वाटेत कार्बनचा डबा आणि 'फवारणीच्या दिवशी स्किमर बंद' अशी चिठ्ठी, दोन्ही मी लावून देतो. वीज जाते तेव्हा टाकीतलं पाणी पाइपमधून सम्पमध्ये उतरतं. तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी हवी. वीज परत आली की वाढलेल्या पातळीत स्किमर लगेच उसळतो आणि कप ओसंडतो, म्हणून त्याला रिटर्न पंपानंतर (सम्पमधलं पाणी टाकीत परत चढवणाऱ्या) काही मिनिटांनी सुरू होणारा टायमर. इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप, त्याच्या मागे स्किमर. अंधारात ऑक्सिजन आधी संपतो, घाण नंतर कुजते.

घरातल्या सवयीही स्किमरला लगेच कळतात. केसांना खोबरेल लावून त्याच हाताने कुणी शिंपला सरळ केला की तेल फेस मोडतं आणि कप काही तास कोरडा राहतो. दुरुस्तीला वापरलेली इपॉक्सी पाण्यात मुरली की उलट होतं, फेस आवरत नाही. "स्किमर बिघडला" असे येणारे बरेचसे फोन या दोन कारणांचे असतात. नवीन स्किमर पहिले काही दिवस वेडावाकडा चालतो, तेव्हाही हात न लावता थांबायचं असतं. दर तासाला झडप फिरवणाऱ्याला तो कधीच नीट लागत नाही.

या सगळ्यातून माझं कोटेशन बदललं. पूर्वी मी यंत्रांची यादी आणि किमती लिहायचो, खाली बसवण्याची मजुरी. आता प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने असतात: आठवड्याचं काम किती मिनिटांचं, ते कोण करणार, आणि नाही केलं तर काय होईल. कप पुसणं पाच मिनिटं. सॉक धुणं पंधरा. दर पंधरवड्याला चाळीस लीटर पाणी बदलणं, म्हणजे आदल्या रात्री आरओ भरून ठेवणं, दीड किलो मीठ विरघळवणं, तापमान जुळवणं आणि मग अर्धा तास बादल्या. दुसऱ्या रकान्यात नाव लिहायला सांगितलं की खोलीत शांतता होते. तीच माझ्या कामाची. ज्या ओळीपुढे कुणाचंच नाव येत नाही ती ओळ मी खोडतो, यंत्र कितीही चांगलं असलं तरी. यादी आखूड होते, कधी कधी माझा नफाही.

काही लोक त्या रकान्याशी येऊन गोड्या पाण्याच्या टाकीवर वळतात, तेव्हा मी त्यांना अडवत नाही. जे राहतात त्यांच्यासाठी सूत्र सोपं आहे. खाणं जास्त तर स्किमर मोठा, खाणं कमी तर छोटा आणि तोही अधूनमधून बंद. मऊ प्रवाळ म्हणजे कार्बन आधी. धुणारा हात असेल तर सॉक, नसेल तर रोलर, तेही परवडत नसेल तर मासे कमी. लीटरचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि दुसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे 'तुम्ही' असं माझं नाव येत असेल, तर महिन्याचा दर मी तिथल्या तिथे सांगतो. तो ऐकल्यावर बऱ्याच घरांत कप धुणारं कुणीतरी निघतं.